भाऊ का बोलत नाहीत?

प्रश्न : ताई, मी 28 वर्षांचा. सिंधुदुर्गातल्या एका तहसील कचेरीत महसूल सहायक आहे. मला पुरुषांविषयी ओढ वाटते. आईला ठाऊक आहे. गणपतीनंतर माझ्या मोबाइलवरचा एक मेसेज सहकाऱ्याने वाचला आणि कचेरीभर केला. आता मी आलो की गप्पा थांबतात, मागून 'बायल्या' ऐकू येतं. ''नोकरी जाईल तुझी,'' असंही एकाने सुनावलं. आमचे अव्वल कारकून भाऊ 57 वर्षांचे, येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. जमिनीच्या फेरफाराची नोंद तपासायला त्यांनीच मला शिकवलं. तेही गप्प असतात, ते जास्त लागतं. मुंबईला बदली मागू का?

उत्तर : तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्याच्या वयाचा आहेस. नोकरीची भीती आधी मनातून काढ. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून बाहेर काढले, म्हणजे तो गुन्हा उरला नाही. त्यानंतरही उत्तर प्रदेशात एका होमगार्डला जोडीदारासोबतची चित्रफीत फिरली म्हणून काढून टाकलं होतं. फेब्रुवारी 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि त्याला परत कामावर घ्यायला लावलं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा मात्र फक्त स्त्रीची तक्रार घेतो. ही उणीव मला फार खुपते. तुझ्या हाती आहेत ते 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम. सरकारी कर्मचाऱ्याने न शोभणारं वागू नये, हे त्यातल्या नियम 3 मध्येच आहे. कोण, कधी, काय बोललं, समोर कोण होतं, हे तारखेनिशी वहीत लिही. मग तहसीलदारांना अर्ज दे आणि पोच घे. तुझं प्रेम कुणावर आहे, ते अर्जात लिहायची गरज नाही.

बदलीची घाई नको. तुझं पद जिल्ह्याच्या आस्थापनेवरचं, जिल्हा बदललास की ज्येष्ठता जाते. त्यांच्या तोंडाळपणापायी तू ती का गमवावीस?

आता भाऊ. 1984 साली मी रुजू झाले, त्या कचेरीत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. आम्ही दोघी शेजारच्या एका घरी जायचो. साहेबांना सांगायची लाज वाटायची. आमचे शिपाईकाका रोज आम्हाला जाताना बघत, मान खाली घालत. मला वाटायचं, यांना काहीच वाटत नाही. निवृत्तीला आठ महिने उरले असताना तेच साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ''पोरी परक्याच्या दारात जातात, बरं दिसत नाही.'' पावसाळ्याआधी बांधकाम झालं. इतके दिवस कसं बोलावं तेच त्यांना कळत नव्हतं.

भाऊही तसेच असतील, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ज्याने फेरफार शिकवला, त्याला एकदा विचारून बघ. कचेरीत नको. शनिवारी त्यांच्या घरी जा, आईच्या हातचं काहीतरी घेऊन. ''भाऊ, तुम्ही बोलत नाही ते मला लागतं,'' एवढंच सांग.