भाचीच्या नाकातल्या खपल्या

प्रश्न : माझी भाची 21 वर्षांची आहे. दोन-तीन वर्षांपासून तिच्या नाकातून हिरवट-काळपट खपल्या निघून राहिल्या आणि वास इतका की शेजारी बसवत नाही, पण तिला स्वतःला काहीच वास येत नाही म्हणते. घरचे म्हणतात अंघोळ नीट करत नाही, तिचं ताटही वेगळं लावतात. दुपट्टा नाकावरून काढतच नाही ती. आम्ही मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) दाखवायला गेलो तर तिथे अशाच तीन-चार बायका बसलेल्या. एवढा पसरला का हा आजार?
– एक मावशी, नागपूर

उत्तर : ताई, सगळ्यात आधी घरच्यांना सांगा की यात पोरीच्या स्वच्छतेचा काहीच दोष नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा अ‍ॅट्रॉफिक रायनायटिस वाटतो, आपल्याकडे याला पीनस म्हणतात, पक्कं निदान मात्र नाक आतून बघूनच होतं. यात नाकाच्या आतलं अस्तर सुकत जातं, आतली हाडंही झिजतात, नाक आतून मोकळं-रुंद होतं आणि तरी पेशंटला नाक बंदच वाटतं कारण हवा जाणवून देणाऱ्या नसाच मेलेल्या असतात. वास ओळखणाऱ्याही गेलेल्या, म्हणून तिला कळत नाही. दुर्गंधी येते ती खपल्यांखाली वाढणाऱ्या जंतूंची.

पसरलाय का, तर ओपीडीच्या रांगेवरून गावात किती पेशंट आहेत ते ठरवता येत नाही, मोठ्या दवाखान्यात लांबलांबचे आणि वर्षानुवर्षं अंगावर काढलेलेच येतात. बायका जास्त दिसतात हे मात्र खरं, बहुतेकींचं वयात येताना सुरू होतं म्हणून हार्मोन्सकडे बोट जातं, शिवाय लोह आणि ए जीवनसत्त्वाची कमतरता, घराण्यात असणं, क्लेबसिएला जातीचे जंतू असं बरंच काही सापडतं, एकच एक कारण नाही. काहींना कुष्ठरोग, टीबी किंवा सिफिलिसमुळे होतो आणि नाकाच्या ऑपरेशनमध्ये आतलं मांस गरजेपेक्षा जास्त काढलं तरी होतो, म्हणून जुने कागद सोबत न्या. आपला मे महिन्यातला कोरडा उन्हाळा खपल्या अजून वाळवतो.

उपचार चिकाटीचा आहे, महाग नाही. खायचा सोडा 1 भाग, बोरॅक्स (टाकणखार) 1 भाग, मीठ 2 भाग अशी पावडर डॉक्टर लिहून देतात, ती उकळून कोमट केलेल्या साधारण 280 मिली पाण्यात टाकून नाक धुवायचं. पुढे वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि पाणी सोडताना सारखं ‘क्, क्, क्’ म्हणायचं, त्याने टाळू वर उचलला जातो आणि पाणी घशात न उतरता दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येतं. पहिले दोन दिवस पोरी घाबरतात, मग जमतं. त्यानंतर ग्लिसरीनमधले 25 टक्के ग्लुकोजचे थेंब, त्याने जंतू दबतात. खपल्या नखाने ओढू देऊ नका, रक्त येतं. एवढं करूनही नाही भागलं तर नाकपुडी काही महिने बंद ठेवायचं यंगचं ऑपरेशन असतं.

आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका, या वासावर माशी येते आणि पेशंटला जाणवतही नाही, ती आत अंडी घालते आणि त्यातून अळ्या होतात. नाकात वळवळ, रक्ताळ पाणी, डोकं ठणकणं, चेहरा सुजणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री असेल तरी कॅज्युअल्टीत न्या. झोपताना मच्छरदाणी लावा.

तिचं ताट आजपासून सगळ्यांसोबत लावा.