वाचकांचे प्रश्न : रेल्वेची शिट्टी पहाटेच का ऐकू येते?

प्रश्न : आमचे गाव भुसावळ–खंडवा रेल्वेमार्गापासून सुमारे ६ किलोमीटर आत आहे. हिवाळ्यात पहाटे गाडीची शिट्टी जणू शेजारच्या शिवारातून आल्यासारखी ऐकू येते. मे महिन्यात भर दुपारी मात्र गाड्या चालू असूनही काहीच ऐकू येत नाही. थंड हवा दाट असल्यामुळे तिच्यातून आवाज अधिक वेगाने जातो, असे आमच्याकडे सांगतात. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे, पण सांगितले जाणारे कारण नेमके उलटे आहे. ध्वनी म्हणजे हवेतील दाटी आणि विरळी यांची पुढे सरकणारी लाट होय. हवा जितकी उष्ण, तितकी तिच्या रेणूंची हालचाल जलद आणि तितकाच हा धक्का लवकर पुढे पोचतो. शून्य अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो. १० अंशांच्या पहाटे तो ३३७ च्या आसपास, तर खानदेशातल्या ४५ अंशांच्या दुपारी ३५८ च्या आसपास असतो. म्हणजे पहाटेची शिट्टी आपल्या गावी जवळजवळ एक सेकंद उशिराच पोचते.

खरा प्रश्न वेगाचा नसून वाटेचा आहे. हवेच्या खालच्या आणि वरच्या थरांचे तापमान वेगवेगळे असेल, तर लाटेचा एक भाग मागे रेंगाळतो, दुसरा पुढे जातो आणि जोडीतला एक बैल मंदावला की गाडी त्याच्या बाजूला वळते तशी ती लाट थंड थराकडे वळते. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा सर्वांत उष्ण असते, त्यामुळे आवाज वर वळून आपल्या डोक्यावरून निघून जातो आणि गाव ध्वनीच्या सावलीत सापडते. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून झपाट्याने निवते. तिला लागून असलेली हवा गार आणि वरची हवा त्या मानाने उबदार, अशी उलटी रचना तयार होते. एरवी आभाळात विरून गेला असता असा आवाजही मग खाली वळून शिवाराकडे परततो.

ही रचना आपल्या भागातील केळी उत्पादकांनी अनेकदा डोळ्यांनी पाहिलेली असेल. थंडीपासून बाग वाचवण्यासाठी रात्री केलेला धूर सरळ वर न जाता जमिनीलगत आडवा पसरून राहतो, तो याच थरामुळे. (रात्रीची शांतता शिट्टीला साहाय्य करते, हे खरेच, पण ढगाळ रात्री जमीन फारशी निवत नाही आणि गाव तितकेच शांत असूनही शिट्टी क्षीण होते, यावरून शांततेचा वाटा किती ते कळते.)

वाऱ्याचाही असाच परिणाम होतो. वारा जमिनीजवळ मंद आणि उंचावर वेगवान असल्यामुळे तो ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला जाणारा आवाज खाली, तर उलट दिशेचा वर वळतो, हे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले. तापमानामुळे होणाऱ्या वळणाचा अभ्यास ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे गावाकडून रुळांकडे जोराचा वारा सुटला असेल, तर ऐन पौषातल्या पहाटेसुद्धा आपल्याला गाडीची चाहूल लागणार नाही.