बाराव्या पानापासून

अंबाजोगाई

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या विज्ञानमालिकेच्या पुनरागमनासाठी लिहिलेली तुझी पहिल्या भागाची संहिता मी दोनदा वाचली. त्या मालिकेवरचे तुझे प्रेम पानापानांत दिसते आणि अडचणही त्या प्रेमातूनच आली आहे. पूर्वी काय घडले हे सांगण्यात पहिली अकरा पाने गेली आहेत. ज्याने ती मालिका कधी पाहिलीच नाही असा परभणीचा चौदा वर्षांचा मुलगा तोवर उठून गेलेला असेल.

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानमालिका नीट अभ्यास. काळातून प्रवास करणारा आणि मरणाच्या वेळी देह बदलणारा परग्रहावरचा ‘डॉक्टर’ हा तिचा नायक. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ही मालिका (तिचा पहिला भाग लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केला होता, हे मला फार आवडते) १९८९ मध्ये थांबली. १९९६ मध्ये दूरचित्रवाणीपटाच्या रूपाने ती परत आणण्याचा प्रयत्न झाला. तो पट जुन्या शत्रूविषयीच्या निवेदनाने सुरू होतो आणि थोड्याच वेळात आधीचा डॉक्टर मरून नव्या देहात उठतो. नव्या डॉक्टरच्या भूमिकेत पॉल मॅकगन यांचे काम उत्तम असूनही त्यातून मालिका उभी राहिली नाही; माझ्या मते, नव्या प्रेक्षकाला आत येण्यासाठी दारच ठेवलेले नव्हते.

२६ मार्च २००५ रोजी लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका परत आणून ते दार उघडले. त्यांचा भाग डॉक्टरपासून नव्हे, तर लंडनमधल्या दुकानात नोकरी करणाऱ्या रोझ टायलर या मुलीच्या गजराच्या घड्याळापासून सुरू होतो. तळघरात कपडे मांडण्याचे पुतळे चालू लागतात, कोणी अनोळखी माणूस तिचा हात धरून पळायला सांगतो आणि त्यानंतर तिला जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते. हे पुतळे याच मालिकेच्या १९७० सालच्या कथेतले आहेत. जुन्या प्रेक्षकाने ते ओळखले, नव्याला ओळखण्याची गरजच पडली नाही. डॉक्टरचा ग्रह युद्धात नष्ट झाला, हे दुसऱ्या भागाच्या शेवटी कळते, आणि सव्वीस वर्षांच्या इतिहासाचे ओझे त्याच्या एका दुःखात सामावते. सर्वांत लाडका शत्रू डालेक सहाव्या भागापर्यंत राखून ठेवला, आणि तोही एकटा, साखळदंडात. हा संयम तुझ्याकडे अजून नाही.

पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांऐवजी पंचेचाळीस मिनिटांचे भाग आले, नायकाच्या अंगावर साधे चामड्याचे जाकीट आले. डॉक्टरचे कालयान असलेली निळी पेटी आणि मालिकेची ती ओळखीची धून मात्र राहिली. नाथषष्ठीला पैठणला तू भारूड ऐकले आहेस. नाथांचे शब्द तेच असतात, पण सोंग घेणारा मधल्या बोलण्यात आजचा बाजार आणि आजचा पाऊस आणतो, म्हणून आजीच्या शेजारी बसलेले नातवंडही हसते. कोणते शब्द नाथांचे आणि कोणते आपले, हे त्या सोंगाड्याला पक्के ठाऊक असते; तुझ्या मालिकेत ते तुला आधी ठरवावे लागेल.

संहिता सोबत परत पाठवीत आहे. बाराव्या पानावर ती मुलगी बंद प्रयोगशाळेचे गंजलेले कुलूप हातात घेते, तेथे मी पेन्सिलीने खूण केली आहे. तेथून सुरुवात कर.

तुझा शुभचिंतक