ग्राफिक डिझाइन शिकताना सुरुवात सॉफ्टवेअरपासून करावी की तत्त्वांपासून?

तत्त्वांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअर सरावाने हाताला बसते, पण नजर तयार व्हायला खरा वेळ लागतो. पहिला धडा जवळिकीचा घ्यावा. मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थहायमर यांनी १९२३ साली मांडलेल्या गेस्टाल्ट तत्त्वांनुसार (सुटे भाग आपण एकत्रित रूपात कसे पाहतो, हे सांगणारी तत्त्वे) जवळजवळ असलेल्या गोष्टी डोळा आपोआप एका गटात धरतो, आणि म्हणूनच कार्यक्रमाच्या पत्रकावर तारीख, वेळ व स्थळ एकत्र ठेवून भोवती मोकळी जागा सोडली, तर चौकट न आखताही ती माहिती एकसंध दिसते. हे स्वतः करून पाहावे: एकच मजकूर, एकच फॉन्ट, फक्त काळा रंग, आणि केवळ आकार, जाडी व अंतर बदलून केलेल्या दहा मांडण्या. रंगाचा मोह तोवर आवरावा. पुढे रंग घेतल्यावर मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, तपासावा. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांत (दृष्टी कमी असलेल्यांसह सर्वांना वापरता यावे यासाठीच्या) एए या मधल्या पातळीवर साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ हे गुणोत्तर सांगितले आहे. देवनागरीत ओळींमधले अंतर थोडे अधिक ठेवावे, अन्यथा वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडतात (ही चूक फार सर्रास दिसते).