जुना ‘आय5’ लॅपटॉप आज घेण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की मुलगी बी.कॉम.ला आहे, एक्सेल, टॅली आणि ऑनलाइन क्लास एवढंच काम, आणि इंदूरला आरएनटी मार्गावर एका दुकानात ‘आय5, 16 जीबी’ असा लेनोव्होचा जुना थिंकपॅड लॅपटॉप दाखवलाय, तर घ्यावा का?

घ्या, पण आधी आय5 या प्रोसेसरच्या नावापुढचा आकडा वाचा. आय5-7300यू म्हणजे सातवी पिढी. त्यात दोनच कोअर, आणि विंडोज 11च्या अधिकृत यादीत तो नाही. विंडोज 10चा नियमित सपोर्ट तर 14 ऑक्टोबर 2025ला संपला. आय5-8350यू ही आठवी पिढी, चार कोअर आणि 11 रीतसर चालतं. गंमत अशी की सहसा सातवी पिढी असलेला थिंकपॅड टी470 आणि सहसा आठवी असलेला टी480 शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. सातवीवरही जुगाड करून 11 टाकता येतं, पण पुढच्या मोठ्या अपडेटला ते अडू शकतं. स्वस्त मिळाला तरी नको.

आता टी480च असेल तर दुकानात अर्धा तास बसा. चालू करताना एफ1 दाबा. बायोसने (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगने) पासवर्ड मागितला तर सरळ उठा. मग वायफाय जोडून विंडोज रीसेट करायला लावा. हे दुकानदाराला जिवावर येईल, पण असं मशीन आधी एखाद्या कंपनीत वापरलेलं असू शकतं, म्हणून हीच खरी परीक्षा: रीसेटनंतर एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितलं, तर ते अजून त्यांच्या ताब्यात आहे.

टी480मध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक आत, एक बाहेर. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ (रोमन लिपीत) चालवलं की दोन्ही वेगवेगळ्या दिसतात. ‘फुल चार्ज’ला ‘डिझाइन’ क्षमतेने भागा. 24,000ची 14,000 झाली असेल तर 58 टक्के उरली. नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून मागा.

टाइप-सीची दोन्ही भोकं चार्जर लावून बघा. विजेची खूण असलेल्या थंडरबोल्ट पोर्टचं (त्या दोनांतलं जास्त वेगवान भोक) जुनं फर्मवेअर, म्हणजे पोर्ट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, त्याच्याच चिपवर सतत लिहीत राहून ती निकामी करायचं. पोर्ट चालत असेल तर घरी गेल्यावर लेनोव्होच्या साइटवरून त्या फर्मवेअरचं अपडेट आधी टाका.

स्क्रीन 1366×768ची असेल तर टॅलीला चालेल, एक्सेलला जीव जाईल, 1920×1080च मागा. रॅम एका पट्टीत की दोन, यावर घासाघीस नको. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो मशीनच्या पोटावरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा.