ड्रेन क्लीनर ओतूनही किचन सिंक तुंबलेलंच आहे, आता ॲसिड ओतू का?

नको. एक थेंबही नको. तुम्ही लिहिलंय की काल रात्री कॉस्टिकवालं (म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड असलेलं) ड्रेन क्लीनर अर्धी बाटली ओतलं, सकाळीही सिंकमध्ये पाणी तसंच उभं आहे, आणि आता ॲसिड ओतायचा विचार आहे. म्हणजे या घडीला तुमच्या सिंकमध्ये पाणी नाही, क्षार आहे, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचं, तितकंच जाळणारं अल्कली. त्यात ॲसिड पडलं की दोन्ही एकमेकांना मारतात आणि भरपूर उष्णता निघते. पाइपच्या अरुंद जागेत ते उकळतं आणि वाट फक्त वरच्या दिशेने मोकळी असल्यामुळे तोंडावर उडतं. बाटलीच्या लेबलवर सोडियम हायड्रॉक्साइडसोबत सोडियम हायपोक्लोराइटही लिहिलेलं असेल (बऱ्याच द्रव क्लीनरमध्ये असतं), तर ॲसिड पडताच क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनरलाही हेच लागू, कारण त्यातले बरेचसे ॲसिडच असतात.

आता काल ते का चाललं नाही ते बघू. कॉस्टिक चरबीचा साबण करतं आणि केस विरघळवतं, यात खोटं काही नाही. पण त्यासाठी ते कचऱ्याला भिडायला हवं, तेही पुरेसं कडक असताना. सिंक भरलेलं असेल तर ते आधी त्या पाण्यातच पातळ होतं, आणि गाठीचा फक्त वरचा पापुद्रा त्याच्या हाती लागतो. प्लास्टिकचा तुकडा, हाड, भाजीच्या देठांचे धागे यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पाणी हळूहळू जात असेल तर ते गाठीच्या मधून बोटभर वाट काढून देतं, आपण खूश होतो, आणि थोड्या दिवसांनी तीच वाट पुन्हा बुजते. थोडक्यात, पाइप पूर्ण बंद असतो तेव्हाच ते सगळ्यात निकामी ठरतं, आणि लोक नेमकं तेव्हाच ते ओततात.

दाणेदार पावडरची तर वेगळीच गंमत. १०० ग्रॅम कॉस्टिक अर्धा लिटर पाण्यात विरघळलं तर तापमान साधारण ५० अंशांनी चढतं. साध्या पीव्हीसी पाइपला ६० अंशांच्या वर ताप सोसत नाही. तो मऊ पडून वाकतो आणि सांधे सैल होतात. पावडरमध्ये ॲल्युमिनियमचे चकचकीत कण असतील तर जोडीला हायड्रोजन निघतो, जो पेट घेतो. आणि न विरघळलेले दाणे ट्रॅपच्या (सिंकखालच्या, पाणी साचून राहणाऱ्या वळणाच्या) तळाशी बसले की दगडासारखे घट्ट होतात. म्हणजे तुंबाऱ्याखाली दुसरा तुंबारा.

आता आजचं काम. खिडकी उघडा, मुलांना आणि मांजर-कुत्र्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवा. सिंकमध्ये अजून पाणी ओतू नका आणि प्लंजर (दांड्याला लावलेली रबरी वाटी) मारू नका, कारण प्लंजरच्या पहिल्याच दणक्याला ते पाणी डोळ्यांच्या उंचीला उडतं. बाजूंनीही बंद असलेला गॉगल आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. साधा चष्मा पुरत नाही. प्लास्टिकच्या मगाने पाणी प्लास्टिकच्या बादलीत काढा. ॲल्युमिनियमचं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं भांडं नको, क्षार ते खातो. संडास नीट वाहत असेल तर आधी दोनदा फ्लश करून तिथे क्लीनर राहिलेलं नाही याची खात्री करा, मग बादली सावकाश ओतून पुन्हा दोनदा फ्लश करा. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर हा प्रकार वरचेवर करू नका, टाकीतले जिवाणू मरतात.

एवढं करूनही ट्रॅपमध्ये कडक क्षार उरलेलाच असतो. म्हणून तो उघडायला प्लंबर बोलावणार असाल तर काय ओतलंय ते त्याला दारातच सांगा आणि बाटली दाखवा. हे न सांगणं म्हणजे त्याच्या डोळ्यांशी खेळ आहे.

स्वतः उघडणार असाल तर गॉगल-हातमोजे तसेच ठेवा, लांब बाह्यांचे कपडे घाला आणि ट्रॅपखाली रुंद प्लास्टिकचं टब ठेवा. चेहरा नटाच्या खाली नको, बाजूला ठेवा. बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असेल तर खालची वाटी फिरवली की निघते. वाकड्या पाइपचा असेल तर दोन्ही टोकांचे नट सोडवावे लागतात. नट आधी थोडाच सैल करा, पाणी झिरपून संपू द्या, मगच पूर्ण काढा. हाताने हलत नसेल तर वर फडकं गुंडाळून पान्हा लावा, नाहीतर प्लास्टिकचे आटे चिरतात. वॉशर कसा बसलाय याचा फोटो काढून ठेवा. निमुळत्या वॉशरची निमुळती बाजू सांध्यात जाते, सपाट बाजू नटाकडे. ही उलटी बसली की कितीही आवळा, गळणारच. काढलेला ट्रॅप त्याच सिंकमध्ये धुवायला जाऊ नका. खाली पाइपच नाही हे हमखास विसरलं जातं आणि सगळं कपाटात जातं. परत बसवताना नट हाताने घट्ट, मग पान्ह्याने फार तर पाव फेरा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक सांध्याखालून कोरडा टिश्यू फिरवा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा थेंब टिश्यूवर दिसतो.

ट्रॅप स्वच्छ निघाला, म्हणजे गाठ भिंतीच्या आत आहे. तिथे ६ ते ८ मिलिमीटर जाडीची, ५-७ मीटर लांब फिरवायची स्प्रिंग लागते. आत ढकलताना घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, अडलं की जोर न लावता फिरवा, आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवा, म्हणजे अडकलेला कचरा सुटत नाही.

पुढच्या वेळी मात्र सुरुवातच प्लंजरने करा. ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ओल्या फडक्याने बंद करा, जोड-सिंक असेल तर दुसरं तोंडही. रबरी वाटी बुडेल इतकं पाणी हवं, कारण हवा दाबली जाते आणि जोर तिथेच मरतो, पाणी दाबलं जात नाही. १५-२० झटके द्या आणि शेवटचा झटका वर ओढून. ओढण्यानेच गाठ सुटते, नुसतं दाबून ती आत अजून घट्ट बसू शकते. बाथरूमच्या जाळीत तर बहुतेक वेळा केसच असतात. त्यासाठी काटे असलेली प्लास्टिकची लांब पट्टी पुरते.

खायचा सोडा आणि व्हिनेगरबद्दल कुणीतरी सुचवेलच. निरुपद्रवी आहे, पण फेस ओसरल्यावर उरतं ते पाणी आणि थोडंसं सोडियम ॲसिटेट, ज्याने चरबी हलत नाही. कॉस्टिक आत असताना तर व्हिनेगरही नको, शेवटी तेही ॲसिडच. एन्झाइमवाली औषधं चांगली, पण वाहत्या पाइपच्या देखभालीसाठी: रात्री ओतून ७-८ तास पाणी न सोडता ठेवायची, आणि त्या दिवशी ब्लीच किंवा उकळतं पाणी नाही. बंद पाइपवर त्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

अंगावर उडालं तर भिजलेले कपडे लगेच काढा आणि वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर पापणी बोटांनी उघडी धरून तेवढाच वेळ, कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढून, आणि मग थेट डॉक्टर, जळजळ थांबली असली तरी. क्षार ॲसिडपेक्षा डोळ्यात खोल शिरतो. लिंबू-व्हिनेगर लावून क्षार मारायला जाऊ नका. कुणी गिळलं तर उलटी करवू नका, क्षार वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतो. तोंड पाण्याने धुवून बाटलीसह तडक रुग्णालय गाठा.

एक तपासणी राहिली. सिंकबरोबर बाथरूमचं पाणीही तुंबत असेल, किंवा एकीकडे पाणी सोडल्यावर दुसरीकडे बुडबुडे येत असतील, तर गाठ तुमच्या ट्रॅपमध्ये नाही, मुख्य लाइनमध्ये आहे. तसं असेल तर ट्रॅप उघडायच्या भानगडीत न पडता घरातले सगळे नळ बंद ठेवा आणि मोठी मशीनची स्प्रिंग असलेला माणूस बोलवा.