६५ पूर्ण होतायत, कंपनीचा इन्शुरन्स सोडून मेडिकेअर कधी घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की येत्या १ जूनला ६५ पूर्ण होतायत, कंपनी मोठी आहे, डिसेंबरअखेर रिटायर होणार, एचआरवाले म्हणतायत दीड वर्ष कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून कंपनीचाच इन्शुरन्स चालू ठेवणं) घ्या मग मेडिकेअरचं (अमेरिकेतला ६५ नंतरचा सरकारी आरोग्यविमा) बघू, मिसेस ६१ च्या आहेत आणि पुढे दर थंडीत तीन-चार महिने पुण्याला राहायचंय. मीही न्यू जर्सीतच असतो, हे सगळं करून झालंय, म्हणून सांगतो.

एचआरचं ऐकू नका. २० किंवा जास्त माणसांच्या कंपनीत तुम्ही कामावर असेपर्यंत पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर-तपासण्यांचा भाग) लांबवता येतो, दंड नाही. पण नोकरी सुटली की बी घ्यायला ८ महिने मिळतात, आणि कोब्रा चालू असला तरी ते ८ महिने थांबत नाहीत. शिवाय ६५ नंतर कोब्रा दुय्यम होतो, पहिलं बिल मेडिकेअरनं भरायचं असतं, आणि पार्ट बीच नसेल तर कोब्रावाले हात वर करू शकतात. आमच्या ग्रुपमधले एक जण यातच अडकले, आता दर पूर्ण वर्षाच्या उशिराला १० टक्के जास्त प्रीमियम, तोही जन्मभर.

मग जूनमध्येच बी घेऊन टाकू का? नको. २०२६ मध्ये महिन्याला २०२.९० डॉलर आहेत, ते उगाच जातील हे एक, पण खरं कारण वेगळंय. बी सुरू झाला की मेडिगॅप (मेडिकेअर भरत नाही तो खर्च उचलणारा खाजगी विमा) घ्यायचे ६ महिने सुरू होतात, त्या काळात कुठलीही कंपनी तुम्हाला तब्येतीवरून नाकारू शकत नाही. नंतर आपल्या राज्यात सरळ डायबेटिस आहे का, स्टेंट आहे का विचारतात आणि नाही म्हणून मोकळे होतात (नदीपलीकडे न्यूयॉर्कला मात्र कधीही मिळतं). जूनमध्ये बी घेतलात तर ही खिडकी नोकरीत असतानाच बंद होईल. म्हणून बी १ जानेवारीपासून. त्यासाठी सीएमएस-४०बी हा अर्ज भरायचा आणि नोकरीत इन्शुरन्स होता हे दाखवणाऱ्या एल-५६४ फॉर्मवर कंपनीची सही घ्यायची, ही सही ऑक्टोबरपासूनच मागायला लागा, एकदा तुम्ही बाहेर पडलात की तुमचा ईमेल कोण बघतंय.

पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) बहुतेकांना फुकट, १० वर्षं टॅक्स भरलेला असला की झालं. पण एचएसएमध्ये (आरोग्यखर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) पैसे टाकत असाल तर ए घ्यायला थांबा, ए असताना त्यात पैसे टाकता येत नाहीत, आणि ए मागाहून घेतला तर ६ महिने मागून लागू होतो, म्हणजे अर्ज करायच्या ६ महिने आधीपासून एचएसए बंद ठेवा. आणि हो, ती १ जून शाळेत मास्तरांनी लावलेली असली तरी कागदावर तीच, आणि १ तारखेचा जन्म असला की मेडिकेअर आधीच्या महिन्यात धरतात, म्हणजे तुमचं ६५ वं मेपासून मोजलं जाईल आणि नाव नोंदवायची पहिली मुदत ऑगस्टअखेर संपेल. तुम्ही कामावर आहात म्हणून फरक पडत नाही, पण पत्र आलं तर गोंधळू नका.

मी मेडिगॅपमधला प्लॅन जी घेतला. टीव्हीवर शून्य प्रीमियम, दात फुकट, चष्मा फुकट अशी ज्याची जाहिरात चालते तो अॅडव्हान्टेज, म्हणजे खाजगी कंपनीकडून घ्यायचं मेडिकेअर, त्यात नेटवर्क सांभाळायचं, बऱ्याच गोष्टींना आधी परवानगी घ्यायची. तब्येत ठणठणीत असताना तो स्वस्त वाटतो, मला ती कटकट नको होती. औषधांसाठी पार्ट डी वेगळा, ६३ दिवस किंवा जास्त खंड पाडू नका, त्यालाही दंड आहे.

पुण्याचं म्हणाल तर मेडिकेअर भारतात जवळपास काहीच देत नाही. प्लॅन जी मध्ये परदेशातल्या इमर्जन्सीचे ८० टक्के आहेत, पण २५० डॉलर आधी तुमचे, ट्रिपचे पहिले ६० दिवसच, आणि आयुष्यभरात मिळून ५० हजार. म्हणजे तिसऱ्या महिन्यात काही झालं तर खिशातून. वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, पण तिकडे असताना बी बंद करायच्या फंदात पडू नका.

मिसेसना तुमच्या मेडिकेअरमध्ये घेता येत नाही, ते एकेकट्याचं असतं. त्यांच्यासाठी मात्र कोब्रा बघायला हरकत नाही, मार्केटप्लेसचा (स्वतःचा इन्शुरन्स घ्यायची सरकारी वेबसाइट) भाव काढून तुलना करा. आणि बीचा प्रीमियम दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवरून ठरतो, दोघांचं उत्पन्न मिळून २,१८,००० डॉलरच्या वर असेल तर २०२६ च्या हिशोबाने जास्त लागतो, तसं पत्र आलं तर रिटायर झालो म्हणून एसएसए-४४ फॉर्म भरा, कमी करून देतात.

एजंटला फोन करण्याआधी काउंटीच्या शिपवाल्यांना (मेडिकेअरचा सल्ला देणारी सरकारी सेवा) करा, ते फुकट सांगतात आणि काही विकत नाहीत.